समुद्राची पंगत

एका जंगलात, मुलांनो, उपाशीपोटी कुणी झोपत नसे. भरल्या पोटीही कुणाला धड झोप लागत नसे, कारण पोट फारच भरलेलं असे.

बसा, मांडी घालून बसा. ही गोष्ट जेवणाची आहे, तेव्हा सगळ्यांना आवडेल.

हे जंगल डोंगराच्या उतारावर होतं. जंगलातून एक नदी वाहायची, ती खाली खाडीला मिळायची आणि खाडी समुद्राला. जंगलाचा राजा गवा होता. सिंह नव्हता. सिंह दुसऱ्या गोष्टींमध्ये कायमच्या नोकरीला असतो, त्याला इकडे यायला सवड नाही. आमचा गवा स्वभावाने चांगला होता. त्याने कुणाला शिंग लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे दुसऱ्याचं रिकामं पान.

त्यामुळे त्या राज्यात आग्रहाची रीत होती. पाहुणा 'पुरे' म्हणाला की त्याच्या पानात दोन लाडू पडत. 'खरंच पुरे' म्हणाला की चार. पानावर आडवा हात धरला तर हातावर आमटी. एकदा एक ससा पंगतीतून उठला आणि घरी जाताना बिळाच्या तोंडाशीच अडकला. चार दिवस तो आत जाईना की बाहेर येईना. राजाला कळलं तेव्हा त्याने सशाला तिथेच जेवायला घालायला वाढपी पाठवले.

"पाहुणा लाजतो," राजा म्हणायचा. "यजमानाने लाजू नये."

राजाचं घर उंच टेकडीवर होतं. एका दुपारी जेवून हात धुताना त्याची नजर खाली समुद्राकडे गेली आणि त्याला वाईट वाटलं.

"एवढा मोठा शेजारी," तो म्हणाला, "आणि आपण त्याला कधी जेवायला घातलं नाही."

त्याचा कारभारी एक वानर होता. कारभाऱ्याला जे लागतं ते त्याच्याकडे होतं, म्हणजे उत्तर तयार होतं.

"घालतो आहोतच, महाराज," वानर म्हणाला. "राजधानीच्या सगळ्या मोऱ्या नदीत सोडल्या आहेत. गोठे नदीवर धुतो. खरकटं नदीत टाकतो. शिवाय पांढरा दाणा आहे."

पांढरा दाणा म्हणजे काय ते सांगतो. त्या जंगलात आताशा गवत आपलं आपण उगवायची वाट कुणी पाहत नसे. पांढरा दाणा टाकला की आठवड्यात गुडघाभर गवत. गोणीवर लिहिलं होतं की वाफ्याला एक मूठ पुरे. आता 'पुरे' हा शब्द त्या राज्यात लोक कसा वाचत, ते तुम्हाला माहीत आहे. सगळे पाच मुठी टाकत. गवत एक मूठ खाई आणि उरलेल्या चार पावसाबरोबर नदीत जात.

"म्हणजे हे सगळं समुद्राला पोचतं?" राजाने विचारलं.

"पोचतं, महाराज. फक्त आपण आजवर त्याला सांडपाणी म्हणत होतो."

राजाला लाज वाटली. पाहुण्याच्या जेवणाला सांडपाणी म्हणणं बरं नव्हे. त्या दिवसापासून त्याला समुद्राची पंगत म्हणायचं ठरलं आणि पंगत दररोज घालायची असंही ठरलं.

ही पंगत नीट पोचते की नाही हे पाहायला बगळ्याला नेमलं. बगळा खाडीखात्याचा प्रमुख होता. तो वर्षानुवर्षं खाडीत एका पायावर उभा होता, म्हणून त्याला खाडीतलं सगळं कळतं असं मानत. तो खाडीतलंच खात असे हेही खरं आहे. पण त्यामुळे त्याचा अभ्यास रोजच्या रोज होई.

बगळ्याने पहिल्याच अहवालात एक गैरप्रकार उघड केला. खाडीच्या तोंडाशी तिवरांचं दाट बन होतं. तिवरं म्हणजे खाऱ्या चिखलात मुळं रोवून उभी राहणारी झाडं. त्यांच्या मुळांत गाळ अडकायचा, घाण अडकायची, आणि पुढे जाणारं पाणी बरंच निवळ होऊन जायचं.

"निम्मं जेवण वाटेतच अडतं, महाराज," बगळा म्हणाला.

राजा संतापला. कधी नव्हे तो संतापला. "पाहुण्याच्या पानातलं काढून घेणारी ही झाडं कोण?"

आठ दिवसांत बन साफ झालं. टेकडीवरून समुद्र आणखी छान दिसू लागला.

सगळ्यांना या पाहुण्याचं कौतुक वाटे. रोज वाढलं तरी तो 'पुरे' म्हणत नसे. हात आडवा धरत नसे. राजा म्हणायचा, पाहुणा असावा तर असा.

आता आपण खाडीत उतरू. चपला इथेच काढून ठेवा.

तिथल्या चिखलात धाकू राहायचा. धाकू निवटा होता. निवटा तुमच्यापैकी कुणी पाहिलाय? बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर. ओहोटी लागली की तो छातीचे पर टेकत चिखलावर चालतो. पाण्यात श्वास घेतो तसा बाहेरही घेतो. धाकूचं बीळ चिखलात खोल होतं आणि बिळाच्या टोकाला एक खोली होती. खोलीच्या छताला त्याची अंडी चिकटलेली होती. बायको अंडी घालून गेली होती. निवट्यांत तशीच रीत आहे, अंडी बापाने सांभाळायची.

त्या खोलीत पाणी नसतं. हवा असते. आणि ती हवा आपोआप येत नाही. बाप वर येतो, तोंडभर हवा घेतो, पाण्यातून खाली जातो, खोलीत तोंड उघडतो. पुन्हा वर येतो. दिवसभर हेच. त्याचे गाल सदा फुगलेले असतात, म्हणून लोकांना वाटतं की निवटा गर्विष्ठ आहे.

मग उधाणाची भरती आली की बाप खोलीतली हवा काढून टाकतो आणि पाणी आत घेतो. पाणी लागलं की अंडी फुटतात. पिल्लं पोहत बाहेर पडतात. पाणी मात्र चांगलं हवं. त्यात पिल्लांना श्वास घेता यायला हवा.

धाकूच्या अंड्यांची वेळ कोजागिरीच्या उधाणाला भरत होती. नऊ दिवस राहिले होते. त्या वर्षी पाऊस संपल्यावर वारा अगदी पडला होता, पाणी तापलं होतं, आणि खाडी हिरवी झाली होती.

आधी फिकट हिरवी झाली. मग गडद. मग पाण्यावर साय धरली. धाकूने एका सकाळी त्या सायीलाच विचारलं, "तुमी कोण रे?"

"आम्ही शेवाळं," ती म्हणाली. ती सगळी एकदम बोलत. "आम्ही इथलेच. पूर्वी थोडे होतो. तुम्हाला दिसतही नव्हतो. वरून जेवण यायला लागलं, मग आम्ही वाढलो. त्यात आमचं काय चुकलं?"

धाकूला त्यांची चूक सापडेना. मलाही सापडत नाही. ज्याच्या पानात पडतं तो खातो.

जवळच्या खडकावर गुणाबाय राहायची. ती कालव होती. कालवं जन्मभर एका जागी चिकटून असतात आणि पाणी आत ओढून गाळून पुन्हा बाहेर सोडतात. गुणाबाय म्हातारी होती आणि आजवर तिने किती खाडी गाळली याची मोजदाद नव्हती. धाकू तिच्याकडे गेला तेव्हा तिचे शिंपले घट्ट मिटलेले होते. फटीतून ती बोलली.

"मी गाळूचा बंद केलंय. ह्या शेवाळात कायतरी वायट आसा. माझ्या पोटात साठता. माका काय होणा नाय, पण माका जो खायत तेचा काय खरा नाय."

"आणि माझी पोरां?"

"आयक धाकू. ही शेवाळा जगतत तवसर ठीक. ती मेली की तळाक जातत आणि कुजतत. कुजताना पाण्यातलो सगळो वारो खातत. मगे पाणी आसतला, पण पाण्यात श्वास नसतलो."

"मगे मी काय करू?"

"वर जा. राजाक सांग, वाडूचा थांबव म्हणान. हयल्या कोणाक चलूक येणा नाय. तुकाच येता."

धाकूने त्या रात्री झोप घेतली नाही. सकाळपर्यंत त्याने खोलीत हवा भरून ठेवली. मग तो निघाला. त्याला दुपारच्या आत परत यायचं होतं, कारण खोलीतली हवा तेवढीच पुरणार होती.

बोटाएवढ्या माशाला टेकडी चढायला किती वेळ लागतो, याचा तुम्हीच विचार करा. अंग सुकायला लागलं की तो नदीत एक डुबकी मारायचा आणि पुन्हा चालायचा. दरबारात पोचला तेव्हा जेवणं चालू होती. तिथे जेवणं नेहमीच चालू असत.

"म्हाराज," धाकू म्हणाला, "मी खाडीतसून इलंय. समुद्राच्या वतीन सांगतंय. पुरे."

गवा महाराजांचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं झाली," ते म्हणाले. "आज पाहुणा बोलला."

"काय म्हणाला, ऐकलंत ना?" वानर म्हणाला.

"पुरे म्हणाला. लाजतोय बिचारा. दुप्पट वाढा."

"म्हाराज, तसा नाय," धाकू घाईने म्हणाला. "खराच पुरे."

"चौपट," राजा म्हणाला.

त्या दिवशी गोदामं उघडली. पांढऱ्या दाण्याच्या गोण्या नदीकाठी नेऊन थेट पाण्यात रिकाम्या केल्या. वाटेत गवताने मध्येच खायला नको म्हणून. धाकू परत निघाला तेव्हा गोण्यांचं पाणी त्याच्यापुढे धावत होतं. तो घरी पोचला तेव्हा खोलीतली हवा संपत आली होती. त्याने लगेच हवा आणायला सुरुवात केली.

चार दिवसांत खाडीचा रंग हिरव्यावरून तपकिरी झाला. शेवाळं खाऊन खाऊन मेली आणि तळाला गेली. तळातून मोठे बुडबुडे येऊ लागले आणि त्यांना सडक्या अंड्यांचा वास होता. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडीमिटी करू लागले. बोय, शेंगाळे, तांबोशी, सगळे एकाच थराला. एरवी ते एकमेकांना खायचे. आता कुणाला भूक नव्हती.

बगळ्याने अहवाल पाठवला. समुद्राने मोठे ढेकर दिले आहेत. मासे तोंड उघडून आणखी मागत आहेत. पंगत यशस्वी आहे.

पुनवेला पाच दिवस उरले होते. धाकू दुसऱ्यांदा दरबारात गेला. या वेळी तो शहाणा झाला होता. 'पुरे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं त्याने वाटेत शंभरदा स्वतःला बजावलं होतं.

"म्हाराज," तो म्हणाला, "खाडीत माशांचो श्वास कोंडलो आसा."

राजाने काळजीने त्याच्याकडे वाकून पाहिलं. "तुझा तर चांगला चालला आहे."

"माझो चलता. माका भायर घेवक येता. तेंका येणा नाय."

"महाराज," बगळा मध्ये बोलला, "हा इसम टेकडी चढून आला आहे. खणखणीत बोलतो आहे. श्वास कोंडलेला प्राणी असा चालत येतो का? मला तरी माहीत नाही. मी खाडीत एका पायावर उभा असतो, मलाही काही त्रास नाही."

बगळ्याचं नाक पाण्याच्या वर असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नसावं.

"जेवल्यावर दम लागतोच," राजा म्हणाला. "मलाही लागतो. पण तक्रार आली आहे तर तिची दखल घेतली पाहिजे. आपण अन्यायी नाही."

वानराने नियम काढला. नियम असा होता की दुसऱ्याच्या श्वासाबद्दल दुसऱ्याने बोलू नये. ज्याचा कोंडला असेल त्याने स्वतः हजर राहावं.

"म्हाराज," धाकू म्हणाला, "जेका हय येवक जमता, तेचो श्वास कोंडाक नाय. आणि जेचो कोंडलो आसा, तेका हय येवक जमणा नाय."

दरबाराला हे वाक्य आवडलं. दोघातिघांनी मान डोलावली. नियम मात्र नियमच राहिला. पण राजा दयाळू होता. त्याने एक सवलत दिली. तक्रारदारांनी टेकडी चढायची गरज नाही, त्यांनी किनाऱ्यापर्यंत यावं. दरबार किनाऱ्यावर भरेल. पुनवेच्या आदल्या दिवशी.

मला धाकू आवडतो, मुलांनो, हे सांगून टाकतो. त्याच्या जागी मी असतो तर तिथेच ओरडलो असतो. तो ओरडला नाही. त्याने सूर्याकडे बघून वेळ पाहिली आणि उताराला लागला, कारण खोलीतली हवा कमी होत होती.

परत आल्यावर तो गुणाबायकडे गेला. ती आता फारच हळू बोलत होती.

"पुनवेची भरती मोठी म्हणतत," ती म्हणाली, "पण तसा नाय. पुनवेसून दोन दिवसांनी बीज येता, ती भरती सगळ्यांत मोठी. त्या दिवशी भायरचा दर्याचा पाणी आत येतला. निळा पाणी. ह्या घाणीक ढकलून काडीत."

"माझ्या अंड्यांची वेळ पुनवेक भरता."

"दोन दिवस धरून ठेव. हवा घालीत रव. पाणी आत सोडू नको. दोनच दिवस."

धाकूने ठरवलं की दोन दिवस धरायचे. तो हिशेब अगदी सोपा होता आणि त्यात कुणाकडे काही मागायचं नव्हतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी दरबार किनाऱ्यावर आला. तक्रारदार आधीच आले होते. भरतीच्या रेषेवर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने पडले होते. बोय होते, शेंगाळे होते, तांबोशी होत्या, कोलंबी तर ढिगाने होती. सगळ्यांची तोंडं उघडी होती. नियमाप्रमाणे सगळे स्वतः आले होते.

बगळ्याने तीनदा पुकारा केला. "कुणाची काही तक्रार?"

कुणी काही बोललं नाही.

वानराने लिहून घेतलं. तक्रारदार मोठ्या संख्येने हजर. विचारणा करूनही कुणी तक्रार सांगितली नाही. सबब प्रकरण निकाली.

गवा महाराज बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. "बघा," ते म्हणाले. "आपण त्याला इतके दिवस जेवायला घातलं. आज त्याने आपल्यासाठी ताट पाठवलं."

मग तिथेच पंगत बसली. गवा स्वतः गवतावर होता, पण त्याने इतरांना आग्रह केला. बगळा खूप जेवला. वानराला कालवं आवडत. तो दगड घेऊन खडकांवर गेला आणि एकेक शिंपला ठोकून उघडत त्याने बारा कालवं खाल्ली. गुणाबाय अकरावी होती.

धाकू हवा आणायला वर आला तेव्हा त्याला खडकावर तिच्या जागी पांढरा वण दिसला. तो तिथे थांबला नाही. थांबायला वेळ नव्हता. खाली जाताना तोंडातली थोडी हवा निसटली, एवढंच.

जेवणानंतर आभार मानायला वानर उभा राहिला. त्याचे ओठ बधिर झाले होते. जीभ हलेना. तो दोनदा 'आ' म्हणाला आणि बसला. सगळे म्हणाले, गहिवरला. दुसऱ्या दिवशी त्याचे हातपायही गहिवरले. संध्याकाळी दुसरा कारभारी नेमावा लागला. नवा कारभारीही वानरच होता आणि त्यालाही उत्तरं पाठ होती.

पुनव आली आणि गेली. टेकडीवर मसाल्याचं दूध झालं. धाकूने पाणी आत घेतलं नाही. त्याची अंडी आता पूर्ण भरली होती. आतले डोळे बाहेरून दिसत होते, छताला लागलेले बारीक काळे ठिपके. ते हलत. त्यांना आता हवा जास्त लागे. आजूबाजूचा चिखलही सडत होता आणि खोलीतली हवा ओढत होता. म्हणून धाकू न थांबता वरखाली करत होता. छातीच्या एका पराला चीर गेली होती. त्याला उद्याचा एक दिवस काढायचा होता.

तो दिवस प्रतिपदेचा. त्या दिवशी सकाळी ओहोटीला गवा महाराज धाकूचा सत्कार करायला आले.

ही कल्पना नव्या कारभाऱ्याची. तो म्हणाला, समुद्राच्या वतीने आपल्याशी बोलणारा हा पहिला जलचर. याच्यामुळे पंगत चौपट झाली. याच्यामुळे समुद्राचं ताट आलं. याचा मान राहून गेला. राजाला ते लगेच पटलं. लाडवांची परात घेऊन सगळे चिखलात उतरले.

धाकू बिळातून वर आला, तोंडभर हवा घेतली आणि वळला तर समोर राजा.

"ये, ये," राजा म्हणाला. "तोंड गोड कर."

धाकूचे गाल फुगलेले होते. तोंड उघडता येत नव्हतं. त्याने मान हलवली. नको.

"रुसलाय," बगळा म्हणाला. "गाल बघा."

"रुसणारच. आपल्याला उशीर झाला," राजा म्हणाला. "आग्रह करा."

नव्या कारभाऱ्याने दोन बोटांनी त्याचं तोंड उघडलं आणि लाडू घातला. हवा निघून गेली. बुडूक असा बारीक आवाज झाला. कुणाला ऐकू आला नाही, फार थोडी हवा होती.

धाकूने लाडू थुंकला. पुन्हा हवा घेतली. तो खाली वळणार इतक्यात राजाच्या लक्षात आलं की पाहुण्याचं तोंड रिकामं आहे. दुसरा लाडू. धाकूने तोही थुंकला. पुन्हा हवा घेतली.

"म्हाराज," तो म्हणाला, आणि बोलण्यासाठी त्याला ती हवा सोडावी लागली, "माझी पोरां आत आसत. माका जावक देवा. माका नको."

"पोरं आहेत का?" राजाचा चेहरा उजळला. "मग त्यांच्या वाटणीचे चार."

किती वेळ हे चाललं? मुलांनो, मी मोजत नव्हतो. भाषणं झाली. समुद्राच्या पंगतीचा इतिहास सांगितला गेला. बगळ्याने खाडीच्या आरोग्याविषयी दोन शब्द सांगितले आणि मग आणखी बरेच सांगितले. दर वेळी धाकू तोंड भरून वळला की कुणीतरी मायेने त्याला मागे ओढी आणि लाडू घाली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. हे मी पुन्हा सांगतो, कारण ते खरं आहे. भरती लागली तेव्हा सगळे पाय धुऊन टेकडीवर गेले.

धाकू खाली गेला. खोलीत हवा नव्हती. ठिपके हलत नव्हते.

तो वर आला आणि हवा घेऊन गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. रात्रभर नेत राहिला.

बिजेला मोठी भरती आली. गुणाबायने सांगितलं होतं तसंच झालं. बाहेरच्या दर्याचं पाणी आत शिरलं आणि दुपारपर्यंत खाडी निळी झाली. धाकूने खोलीतली हवा काढून टाकली आणि ते निळं, चांगलं पाणी आत घेतलं. अंड्यांना पाणी लागलं. तो त्यांच्याजवळ थांबला. भरती ओसरेपर्यंत थांबला. एकही अंडं फुटलं नाही.

मला याचं फार वाईट वाटतं. गोष्ट सांगणाऱ्याने असं म्हणू नये, पण वाटतं.

धाकू दरबारात पुन्हा गेला नाही. जे मागायचं होतं, ते आता राहिलं नव्हतं. बगळ्याने त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं की खाडीकडून एकही नवी तक्रार नाही.

टेकडीवर गवा महाराज जेवून हात धूत होते. त्यांनी खाली पाहिलं. समुद्र निळाशार होता, स्वच्छ होता, त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"अरे अरे," महाराज म्हणाले. "पान रिकामं झालं की. वाढा."

तात्पर्य : यजमानाने हात कधी आखडू नये. ज्यांना श्वास घ्यायचा असेल, त्यांनी तो जेवणाच्या वेळा सोडून घ्यावा.